शंका विचारणं आणि शंका घेणं

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं ना’ काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ‘कोड नुसता ऐकून डोक्यात शिरत नाही’ अशी तक्रार मागच्या वेळी बऱ्याच जणांनी केली, म्हणून या वेळी कोडची एकच ओळ घेतलीय.)

 

आजचा अख्खा एपिसोड एका ओळीवर आहे. ओळ सी भाषेतली. आय नावाचं एक व्हेरिएबल आहे, त्यात ७ ठेवलेत. आता प्रिंट करायचंय: आय प्लस प्लस गुणिले आय प्लस प्लस. उत्तर किती येईल?

पॉज करून विचार करा. बसमध्ये असाल तर शेजारच्यालाही विचारा, काही बिघडत नाही.

तर बघा. जावा शिकलेला माणूस सांगेल ५६. पहिल्या आय प्लस प्लसमधून ७ मिळाले, आय लगेच ८ झाला, दुसऱ्यातून ८ मिळाले, सात आठे छप्पन्न. आणि त्याचं बरोबर आहे, कारण जावाच्या नियमांतच लिहिलंय की हिशेब डावीकडून उजवीकडे करायचा. दुसरा एखादा सीवाला पोरगा म्हणेल, ‘माझ्या स्क्रीनवर ४९ आलं ना, हा घ्या स्क्रीनशॉट.’ तोही खोटं बोलत नाहीये. आणि सी मुरलेला एखादा म्हातारा बाप्या येईल आणि म्हणेल, ‘याला उत्तर नाही.’ तोही बरोबर.

तिघं प्रामाणिक, तिघांकडे पुरावा, आणि तिघांना वाटतंय की समोरचे दोघं एक तर अडाणी आहेत नाहीतर मुद्दाम खोडी काढताहेत. प्रोग्रॅमिंग लँग्वेजवरून ऑनलाइन जी भांडणं होतात ना, त्यातली निम्मीअधिक मला अशीच दिसतात. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठला सर्व्हे नाही.

आधी तो म्हातारा बरोबर का, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या नंदुरबारच्या मिरची मार्केटमध्ये चला. समजा काट्याजवळ एकच वही आहे आणि त्यात एकच रकाना. दोन मापाडी एकाच वेळी तो आकडा वाचतात, दोघंही त्यात एक मिळवतात आणि दोघंही त्याच रकान्यात लिहितात. आधी कुणी लिहायचं, हे मार्केटने कधी ठरवलेलंच नाही. संध्याकाळी वहीत जो आकडा दिसेल, त्याला बरोबर कसं म्हणणार? आणि चूक तरी कशाच्या आधारावर म्हणणार? व्यवहारच नियमाच्या बाहेर झालाय. सी मध्ये याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात. एकाच एक्स्प्रेशनमध्ये एकच व्हेरिएबल दोनदा बदलायचं आणि त्यांचा क्रम कुठे ठरलेला नसेल, तर पुढे काय होईल याची सी जबाबदारी घेत नाही. १९८९ मध्ये सी चं पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं, तेव्हापासून हे असं लेखी आहे.

मग प्रश्न येतो की नियम केला का नाही? आळस म्हणून नाही. सी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचींनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवली. पुढे ती नाना तऱ्हेच्या मशीनवर गेली. कुठलं काम आधी केलं की वेगात होईल, हे प्रत्येक मशीनवर वेगळं. म्हणून कंपायलर लिहिणाऱ्याला मोकळीक ठेवली. जावा १९९५ मध्ये आली तेव्हा तिचा हेतूच वेगळा होता. कुठल्याही मशीनवर चालवा, उत्तर एकच आलं पाहिजे. म्हणून तिथे क्रम पक्का केला. दोन घरांचे दोन नियम, दोन्हींना कारण आहे. पण आपण ‘कुठल्या घरातलं बोलतोय’ हे न सांगताच उत्तर विचारतो आणि उत्तर देतोही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचीच पोरं विचारतात असा एक समज आहे. तोही आज मोडून काढतो. इंटरनेटच्या जुन्या काळात यूजनेटवर सी च्या चर्चेचा एक ग्रुप होता. तेच तेच प्रश्न येतात म्हणून स्टीव्ह समिट नावाच्या प्रोग्रॅमरने १९९० पासून नेहमीच्या प्रश्नांची एक यादी तयार करून तिथे नियमित टाकायला सुरुवात केली. त्या यादीत हाच प्रश्न आहे, अगदी ७ या आकड्यासकट: माझ्या कंपायलरवर ४९ आले, ५६ यायला नकोत का? म्हणजे १९९० च्या दशकात अमेरिकेतली मंडळीही इथेच अडखळत होती. तेव्हा तळोद्याच्या पोराने आज हा प्रश्न विचारला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तळोदा सहज तोंडात आलं नाही. तिकडच्या एका ज्युनिअरने मला दोन महिन्यांपूर्वी एक व्हॉइस नोट पाठवली. त्याला विचारूनच सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. पोरगा सेकंड इयरला आहे. सराव पेपरात त्याला हाच प्रश्न होता, खाली चार पर्याय. मित्रांमध्ये वाद झाला म्हणून त्याने बाहेर, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर असतात अशा एका ठिकाणी विचारलं. इंग्रजीत त्याने काय लिहिलं, तर ‘डिअर सर, आय हॅव अ डाउट. प्लीज गिव्ह आन्सर. अर्जंट.’ आणि खाली कोड, व्हॉइड मेनपासून सुरू होणारा.

तीन रिप्लाय आले. पहिला: ‘हा कुठल्या शतकातला कंपायलर आहे?’ दुसरा: ‘हे अनडिफाइन्ड आहे. असा कोड लिहू नकोस.’ तिसरा: ‘डाउट आहे म्हणजे? कशावर विश्वास नाही तुझा?’ मग काही मिनिटांत प्रश्न बंद. याने खाली लिहिलं की तुम्हा लोकांना फार इगो आहे, आणि अकाउंट डिलीट करून टाकलं. नोटच्या शेवटी म्हणतो, ‘दादा, ते आपल्यासाठी नाहीच आहे. मी टेस्टिंगला जाईन, कोडिंग नको.’

टेस्टिंगवाल्यांनो, राग मानू नका, तुमचं काम सोपं आहे असं तो किंवा मी कुणीच म्हणत नाहीये. पण एका वाक्याच्या गैरसमजातून एक पोरगा आपला रस्ता बदलायला निघाला होता, याचं मला फार वाईट वाटलं. आणि मी ते पान उघडून बघितलं तेव्हा आणखी वाईट वाटलं, कारण त्या तिघांमधला दुसरा माणूस पक्का भला होता. ‘हे अनडिफाइन्ड आहे, असा कोड लिहू नकोस’ हा त्या पानावरचा सगळ्यात खरा आणि सगळ्यात उपयोगी रिप्लाय. फुकटात दिलेला. आमच्या पोराला मात्र तोच सगळ्यात उर्मट वाटला. का? कारण त्याला हवं होतं अ, ब, क किंवा ड. त्याच्यासाठी ‘उत्तर’ म्हणजे पेपरातला एक पर्याय. त्या माणसासाठी ‘उत्तर’ म्हणजे भाषेचा नियम काय सांगतो ते. शब्द एक, अर्थ दोन, आणि मध्ये सांगणारं कुणी नाही. चूक कुणाची असेल तर पेपर काढणाऱ्याची, ज्याने उत्तरच नसलेल्या प्रश्नाला चार पर्याय दिले. तो मात्र या भांडणात कुठेच नाही, आरामात आहे.

आता ‘डाउट’ घ्या. हा माझा आवडता आहे. वर्गात सर शेवटी काय विचारतात? ‘काही शंका?’ आपण मराठीत शंका विचारतो. आणि शंका घेतोही. विचारणं म्हणजे मला कळलं नाही, सांगा. घेणं म्हणजे मला तुमचा भरवसा नाही. क्रियापद बदललं की अर्थ उलटा होतो आणि कुठल्याही मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. भारतातल्या इंग्रजीत ‘डाउट’ हा शब्द आपण ‘विचारण्याच्या’ शंकेसाठी वापरतो. मराठी, हिंदी, तमिळ, कुठल्याही वर्गात जा, डाउट क्लिअर करणं चालूच असतं. पण अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या माणसाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर कोड’ ऐकू येतं ते ‘घेण्याच्या’ शंकेसारखं. त्याने आठवडाभर खपून काहीतरी फुकट लिहिलंय आणि तुम्ही पहिल्याच वाक्यात म्हणताय की मला तुझ्या कामाबद्दल संशय आहे. तिसऱ्या रिप्लायवाला कदाचित टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं असेल.

अशी अजून आहेत. ‘प्लीज रिव्हर्ट’ घ्या. आपल्या ऑफिसच्या ईमेलमध्ये याचा अर्थ ‘उत्तर द्या’. पण जिथे सगळे गिट वापरतात तिथे रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. म्हणजे एखाद्याच्या बदलावर तुम्ही नम्रपणे लिहिलंत ‘काइंडली रिव्हर्ट’, तर त्याला वाचायला मिळालं ‘हे काढून टाक’. ‘डिअर सर’ तर विचारूच नका. पलीकडे बाई असते. आणि ‘प्लीज गिव्ह आन्सर’? मराठीतलं ‘कृपया उत्तर द्यावे’ किती मऊ आहे! ते ‘द्यावे’ जे काम करतं, ते ‘गिव्ह’ करत नाही. तिकडे तो हुकूम वाटतो. ‘अर्जंट’ने त्यावर फोडणी.

हे आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला खरं तर सगळ्यात आधी समजायला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात जवळपास ६९ टक्के आदिवासी. भिली, पावरी, मावची, गुजर, अहिराणी, उर्दू, आणि वर शाळेची मराठी. एका एसटीच्या डब्यात चार भाषा चालू असतात. आमच्या घरात अहिराणी. आजीला तू, बाबांना तू, काकांना तू. ‘तुनं नाव काय शे?’ हे अहिराणीत कुणी प्रेमानेही विचारतं. पण हेच जसंच्या तसं मराठीत उचलून ठेवलं की होतं ‘तुझं नाव काय आहे’, आणि समोर साहेब असला की भुवया वर.

धडगाव, अक्कलकुव्याकडचा एखादा म्हातारा तालुक्याच्या कचेरीत येतो आणि साहेबाला म्हणतो, ‘तू सही करून दे ना.’ साहेब नवा असेल, पुण्या-साताऱ्याकडून आलेला, तर त्याला वाटतं हा आपला अपमान करतोय. तेवढ्यात बाजूला उभा असलेला शिपाई म्हणतो, ‘साहेब, त्याच्या बोलीत असंच असतं. तो मान देऊनच बोलतोय.’ साहेब हसतो, सही होते. नंदुरबारात वाढलेल्या कुणालाही हा प्रसंग नवीन नाही.

ऑनलाइन हा शिपाई नसतो, एवढीच अडचण आहे. तिथे फक्त म्हातारा आणि साहेब असतात, आणि दोघंही आपापल्या जागी साहेब असतात.

आता व्हॉइड मेन. यावर माझं मत स्पष्ट आहे: ते चूक आहे. सी च्या स्टँडर्डप्रमाणे साध्या प्रोग्रॅममध्ये मेनने इंट परत द्यायचा असतो. समोरचा दुखावेल म्हणून मी ‘तेही चालतं’ असं म्हणणार नाही. पण आपली पोरं व्हॉइड मेन का लिहितात, हे त्या पहिल्या रिप्लायवाल्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलं, कुठल्या शतकातला कंपायलर? उत्तर आहे: खरंच मागच्या. त्याचा टोमणा होता, पण माहिती म्हणून अचूक निघाला.

भारतात हजारो लॅबमध्ये वर्षानुवर्षं ती निळी खिडकी होती. टर्बो सी प्लस प्लस. बोरलँड कंपनीचा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, डॉसवर चालणारा. त्यात इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे गेलात की आकडा उलटा फिरून मायनसमध्ये. सी प्लस प्लसचं पहिलं स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. म्हणजे आपण ज्या कंपायलरवर सी प्लस प्लस शिकलो, तो त्या भाषेच्या पहिल्या अधिकृत नियमांच्याही आधीचा आहे! तिथे चालणारा आयओस्ट्रीम डॉट एच आजच्या जीसीसीला सापडतच नाही. क्लिअर स्क्रीनची ती कमांड, प्रोग्रॅमच्या शेवटी गेट सीएच, हे सगळं त्या खिडकीतलं. पोरगा म्हणतो ‘माझ्याकडे चालतं’, समोरचा म्हणतो ‘हे चालणं शक्यच नाही’, आणि दोघं एकमेकांना खोटारडे ठरवतात. मध्ये तीसहून जास्त वर्षांचं अंतर आहे, ते दोघांनाही दिसत नाही.

याच गोष्टीत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं नाव येतं. ‘लेट अस सी’ हे पुस्तक ज्याच्या कपाटात नाही असा आपल्याकडचा इंजिनिअर शोधून काढावा लागेल. व्हीजेटीआयमधून बीई, आयआयटी कानपूरमधून एमटेक केलेला हा माणूस नागपुरात बसून देशभरच्या पोरांसाठी सी सोपी करून सांगत होता. बाहेरच्या चर्चांमध्ये पुस्तकाचं नाव निघालं की काही जण नाक मुरडतात, कारण जुन्या आवृत्त्यांमध्ये दोन बाइटचा इंट आणि डॉसचं जग आहे. पण तेव्हा आपल्या लॅबमध्ये मशीन तीच होती ना! ज्या मशीनवर वाचक बसलाय त्याच मशीनबद्दल लिहिणं हा लेखकाचा गुन्हा कसा होईल? ते पुस्तक नसतं तर माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांना पॉइंटर कधी कळलाच नसता. आता तुम्ही तीस वर्षं जुनी प्रत घेऊन आजचं स्टँडर्ड शिकायला बसलात, तर तो प्रश्न वेगळा आहे. प्रत नवी घ्या.

गैरसमज फक्त इंग्रजी कच्चं असल्यामुळे होतात असंही नाही. अगदी मोठ्या लोकांचं बघा. १९६८ च्या मार्चमध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचं एक पत्र कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकात छापून आलं. विषय गो टू ही कमांड. शीर्षक होतं ‘गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल’, म्हणजे गो टू घातक आहे. जगभर खळबळ. आजपर्यंत लोक डाइक्स्ट्रांना त्या शीर्षकावरून ओळखतात, काही जण शिव्याही घालतात की काय हा अहंकार. गंमत अशी की ते शीर्षक त्यांचं नव्हतंच. त्यांनी पाठवलेलं शीर्षक साधं होतं, ‘गो टू च्या विरोधात एक मांडणी’ अशा अर्थाचं. ते झणझणीत नाव दिलं संपादकाने, आणि संपादक होते निकलाउस व्हिर्ट, ज्यांनी पुढे पास्कल भाषा बनवली. म्हणजे हेडलाइनवरून लेखकाला झोडायची सवय फोनच्या कितीतरी आधीची आहे.

पुढे १९८७ मध्ये त्याच नियतकालिकात एकाने ‘गो टू घातक म्हणणंच घातक’ अशा अर्थाचं पत्र लिहिलं. मग दोन महिन्यांनी ‘ते घातक म्हणणं घातक म्हणणं घातक?’ असंही छापून आलं. मी बनवून सांगत नाहीये.

या सगळ्याने काय बिघडतं, तर माणसं जातात. २०१८ हे वर्ष आठवा. एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की नवख्यांना, स्त्रियांना, वंचित गटांतल्या लोकांना त्यांची जागा परकी आणि उर्मट वाटते आणि हे बदलायला हवं. जुलैच्या १२ तारखेला पायथन बनवणारे खीडो फान रोसम यांनी पायथनचं नेतृत्व सोडलं. कारण काय? एका चिन्हावरचा वाद. अपूर्णविरामाच्या पुढे बरोबरचं चिन्ह, ज्याला लोक वॉलरस म्हणतात. ते घ्यायचं की नाही यावर इतकं तुंबळ झालं की त्यांनी ते मंजूर केलं आणि मग लिहिलं की एवढं भांडून, वर इतक्या लोकांचा तिरस्कार ओढवून घ्यायची आता इच्छा नाही. चिन्ह २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पायथन ३.८ मध्ये आलं. आज लोक ते निवांत वापरतात, किंवा वापरतही नाहीत. आणि सप्टेंबरमध्ये लिनक्सच्या लिनस टॉरवाल्ड्सने आपल्या तिखट भाषेबद्दल माफी मागून काही दिवसांची सुट्टी घेतली. मी तेव्हा बीटेकला होतो आणि मला या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या वाटल्या होत्या.

म्हणजे जी भांडणं तळोद्याच्या पोराला नको झाली, तीच पायथनच्या बापाला नको झाली. फरक इतकाच की एकाच्या जाण्याची बातमी झाली.

आता कुणी म्हणेल, तू सगळ्यांनाच भलं समजायला सांगतोयस. नाही बाबा. काही लोक खरंच विकृत असतात. नाव भारतीय दिसलं की कोड न वाचताच जातीवर, देशावर, रंगावर घसरणारे आहेत. तिथे समजून घ्यायचं काही नाही. ब्लॉक करा, रिपोर्ट करा, पाणी प्या. दुसरा प्रकार जास्त चिकट: ‘मी तर फक्त विचारतोय’ म्हणत दहा वेळा तेच विचारणारा, तुमचं उत्तर कधीच न वाचणारा. त्याच्यावर दोन रिप्लायच्या वर वेळ घालवू नका, असं माझं मत. पण हे लोक कमी असतात. जास्त असतात ते दमलेले. विचार करा, १९९० मध्ये ज्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलंय तो प्रश्न आजही कुणी तरी रोज विचारतंय. उत्तर देणारा दिवसभर ऑफिस करून, रात्री फुकटात तिथे बसलाय. त्याने दोन ओळींत आटपलं तर तो तुमच्यावर चिडलेलाच असेल असं नाही. काही देशांत तर थेट बोलणं हाच मान समजला जातो, गोड बोललं की त्यांना वाटतं हा काहीतरी लपवतोय.

आणि आपलंही थोडं बघा की. ‘पीएचपी वापरणारे इंजिनिअरच नाहीत’, ‘जावास्क्रिप्ट म्हणजे जोक आहे, शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन पण नीट जमत नाही’ हे मीम आपणच व्हॉट्सॲपवर पाठवतो. ती बेरीज पायथनमध्ये करून बघा. तिथेही शेवटी तेच वाकडं शेपूट येतं, कारण ती दशांश संख्या बायनरीत साठवण्याची अडचण आहे, जावास्क्रिप्टची नाही. ग्रुपमधला जो पोरगा जावास्क्रिप्ट शिकून पहिली नोकरी शोधतोय, तो ते मीम बघून हसतो आणि गप्प बसतो.

त्या ज्युनिअरबरोबर मी एका रविवारी कॉलवर बसलो. प्रश्न तोच ठेवला, फक्त पुन्हा लिहिला. इंग्रजी काही भारी नव्हतं, तसंच साधं ठेवलं. त्यात आलं ते असं: मी सी शिकतोय, सेकंड इयर. आमच्या सराव पेपरात ही ओळ आहे आणि हे चार पर्याय दिलेत. टर्बो सी प्लस प्लसवर मला ४९ मिळतात, जावात ५६. सी चं स्टँडर्ड याबद्दल काय सांगतं? चारही पर्याय चुकीचे असू शकतात का? बस. सर नाही, अर्जंट नाही, डाउटच्या जागी क्वेश्चन. लिहून झाल्यावर पोरगा स्वतःच म्हणाला, ‘दादा, असं लिहिल्यावर उत्तर तर मलाच कळलं.’ तो अजून कुठे पोस्ट केलेला नाही. म्हणतो, बघू. मीही आग्रह केला नाही.

आणि तुम्ही उत्तर देणाऱ्याच्या बाजूला असाल, कॉलेजच्या ग्रुपवर तर आपण सगळेच कधी ना कधी असतो, तर ‘चूक आहे’ लिहायच्या आधी एकदा विचारा: कुठला कंपायलर? कुठल्या कामासाठी? व्हॉइड मेन बघितलं की हसू येतं, मला पण येतं. हसून घ्या, मग विचारा. समोरून ‘कॉलेजच्या लॅबमध्ये तेच आहे’ असं आलं तर तुम्हाला कळेल की पोराला भाषणाची नाही, नव्या कंपायलरची गरज आहे.

तो कंपायलर तर तुमच्या खिशात आहे, त्यावरच संपवतो. लॅपटॉप नाही म्हणून टर्बोवर अडकू नका. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप चालतं, एफ-ड्रॉइडवरून घ्या. उघडल्यावर पीकेजी इन्स्टॉल क्लँग असं टाइप करा, नेट थोडं लागेल, वायफाय असेल तेव्हा करा. मग आपली आजची ओळ एका फाइलमध्ये लिहा, वर मुद्दाम व्हॉइड मेन ठेवा, आणि कंपाइल करा. क्लँग तुम्हाला दोन गोष्टी सांगेल: मेनचा प्रकार इंट नाहीये, आणि आयमध्ये एकापेक्षा जास्त बदल होताहेत ज्यांचा क्रम ठरलेला नाही. ओरडत नाही, चिडत नाही, ओळ नंबरसकट सांगतो. त्याचा मेसेज कॉपी करून प्रश्नासोबत जोडलात तर निम्मं काम झालं.

इन्स्टॉल करताना अडलात तर स्क्रीनशॉटपेक्षा एरर टेक्स्टमध्ये पाठवा, मला फोनवर झूम करून वाचायला त्रास होतो. पुढच्या भागात मराठी अक्षरं कोडमध्ये टाकली की चौकोन चौकोन का दिसतात, त्यावर बोलू. त्याबद्दल शंका असतील तर आत्तापासून विचारून ठेवा. चला, येतो.